स्लेड उन्हाळ्यासाठी उभी करताना: मार्च-एप्रिलमधल्या एका वीकेंडचं काम

मार्च संपत आला, ट्रेलवर माती दिसायला लागली की इथे मिनेसोटात बरेच जण स्लेड, म्हणजे स्नोमोबाईल, गॅरेजच्या कोपऱ्यात ढकलतात, वर ताडपत्री टाकतात आणि मग थेट नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सुमारास तिची आठवण काढतात. तेव्हा ती सुरू होत नाही, डीलरकडे तीन आठवड्यांची रांग असते, आणि पहिला चांगला बर्फ हातचा जातो. माझं अगदी स्पष्ट मत आहे की स्नोमोबाईल चालवून जेवढी खराब होत नाही तेवढी उभी राहून होते. सीझन जेमतेम तीन-चार महिन्यांचा, बाकी आठ महिने ती एका जागी, आणि त्या आठ महिन्यांत ओल सगळीकडे शिरते, पेट्रोलमध्ये, बेअरिंगमध्ये, क्लचवर, सिलिंडरच्या आत. पावसाळ्यात महिनाभर बाईक उभी ठेवली की चेन कशी लाल होते ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय, इथेही प्रकार तोच आहे, फक्त गंज चढतो तो भाग कितीतरी महाग आहे. म्हणून खाली जे जे सांगतोय त्यात एकच गोष्ट डोक्यात ठेवा, पाणी बाहेर काढायचं आणि परत आत येऊ द्यायचं नाही.

हे मुख्यतः त्यांच्यासाठी लिहितोय ज्यांनी गुलमर्गला कधीतरी दहा मिनिटांची राइड घेतली होती आणि आता मिनेसोटा, मिशिगन, ओंटारियो अशा ठिकाणी नोकरीमुळे आल्यावर सेकंडहँड स्लेड घेतलीय, सोबत मॅन्युअल काही मिळालेलं नाही. आधी ते मॅन्युअल मिळवा. पोलॅरिस, स्की-डू, आर्क्टिक कॅट, यामाहा, सगळ्यांची मॅन्युअल्स मॉडेल आणि वर्ष टाकून शोधली की मिळतात. ट्रॅकचं, म्हणजे खालच्या रबरी पट्ट्याचं टेन्शन किती, चेनकेसमध्ये, म्हणजे ट्रॅक फिरवणाऱ्या चेनच्या पेटीत तेल किती, क्लचवरच्या ड्राइव्ह बेल्टची रुंदी किती, हे आकडे प्रत्येक मॉडेलचे वेगळे, ते शेजाऱ्याला विचारून करायचे नसतात. यामाहावाल्यांनी तर मॅन्युअल जपूनच ठेवा, कंपनीने 2023 मध्ये जाहीर केलं की 2025 चं मॉडेल हे शेवटचं, म्हणजे त्यांच्या गाड्या आता जुन्या होत जाणार आणि सांभाळायची जबाबदारी आपल्यावर जास्त येणार.

सामान फार नाही लागत. फ्युएल स्टॅबिलायझर, फॉगिंग ऑइलचा स्प्रे, ग्रीस गन आणि थंडीत चालणारं ग्रीस, चेनकेसचं तेल, नवे स्पार्क प्लग, ब्रेक क्लीनर, घासायला स्कॉच-ब्राइट, बॅटरी मेंटेनर, थोडी बारीक धातूची जाळी, आणि मागची बाजू उचलून ठेवायला मजबूत स्टँड. स्टँडमध्ये काटकसर नको, टू-स्ट्रोक स्लेडसुद्धा दोनशे किलोच्या वर जाते आणि ती तिरकी होऊन पडली तर मोडणारा पाय आपलाच असतो.

सुरुवात धुण्यापासून. स्लेड बर्फातच तर चालते मग घाण कसली, असं वाटतं, पण खरी घाण ट्रेलवरची नाहीच, ती हायवेवरची. ओपन ट्रेलरवर टाकून आपण दोन-तीन तास उत्तरेला जातो तेव्हा रस्त्यावर मारलेलं मीठ चाकांनी उडून पूर्ण सस्पेन्शनवर, शॉक्सवर, बोल्टवर बसतं. ते तसंच ठेवून उन्हाळा गेला की अॅल्युमिनियमवर पांढरी बुरशी आल्यासारखे डाग दिसतात आणि बोल्ट निघता निघत नाहीत. कोमट पाणी, कार धुवायचा साबण, आणि टनेलच्या, म्हणजे ट्रॅकवरच्या बोगद्यासारख्या पत्र्याच्या आतून व्यवस्थित धुवा. प्रेशर वॉशर वापरायचा तर लांबून, बेअरिंगच्या सीलवर आणि वायरिंगच्या कनेक्टरवर कधीच सरळ धार धरू नका, पाणी बाहेर काढायला निघालो आणि आपणच आत ढकललं असं होतं. विंडशील्डला अमोनियावाला काच क्लीनर लावू नका, ते प्लास्टिक आहे, धुरकट होतं आणि बारीक तडे जातात. धुतल्यावर एक-दोन दिवस नीट वाळू द्या, मग पुढचं.

आता पेट्रोल, कारण सगळ्यात जास्त स्लेड इथेच अडकतात. पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण दहा टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, एका मर्यादेनंतर पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळं होतं आणि टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिन पेट्रोल ओढतं ते नेमकं तळातूनच. मिनेसोटात एक सोय चांगली आहे, बऱ्याच पंपांवर 91 ऑक्टेनचं बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तिथे लिहिलेलंच असतं की हे स्नोमोबाईल, बोटी, जुन्या गाड्या वगैरेंसाठी आहे. सीझनची शेवटची टाकी त्याचीच भरा, गॅलनमागे थोडे पैसे जास्त जातील ते जाऊ देत. टाकी जवळजवळ भरलेली ठेवायची, गळ्यापर्यंत नाही, उन्हात पेट्रोल फुगतं त्याला थोडी जागा हवी. अर्धी टाकी ठेवली तर वरच्या मोकळ्या जागेत हवा, हवेत ओल, रात्री थंडी पडली की आतून घाम, हे महिनोनमहिने चालतं.

स्टॅबिलायझर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका, आणि टाकायचा तो आधी, मग वरून पेट्रोल भरा म्हणजे नीट मिसळतो. त्यानंतर इंजिन पाच-दहा मिनिटं चालवायचं की हे नवं पेट्रोल कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोचेल. बरेच जण नुसता स्टॅबिलायझर ओततात आणि झाकण लावतात, मग टाकीतलं पेट्रोल चांगलं राहतं आणि कार्बमधलं जुनं तिथेच सुकून चिकट होतं, बारीक जेट बुजतात. इथे एक काळजी घ्या, लिक्विड-कूल्ड स्लेडचं कूलंट थंड होतं ते टनेलखालच्या हीट एक्स्चेंजरवर बर्फ उडतो म्हणून, आणि ट्रॅक ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर सरकतो त्या हायफॅक्सलाही ओलावा बर्फाचाच मिळतो. त्यामुळे ड्राइव्हवेवर सुक्यात इंजिन चालवताना टेम्परेचरवर लक्ष ठेवा, गरम झालं की बंद करा, थांबा, पुन्हा सुरू करा. म्हणूनच मी म्हणतो की शेवटच्या राइडच्या आधीच स्टॅबिलायझर टाका, राइडमध्ये आपोआप सगळीकडे पोचतो. आणि इंजिन चालवायचं ते बाहेर, गॅरेजचं दार अर्धं उघडं ठेवून आत नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

कार्बवाली जुनी स्लेड असेल तर फ्युएल कॉक बंद करून फ्लोट बाऊलमधलं पेट्रोल काढून टाका, फॉगिंग झाल्यावर.

फॉगिंग म्हणजे इंजिनच्या आत तेलाचा पातळ थर बसवणं. टू-स्ट्रोकमध्ये खाली तेलाची टाकी नसते, क्रँकच्या बेअरिंगना तेल मिळतं ते पेट्रोलबरोबर येणारं, म्हणजे इंजिन बंद झालं की नवं तेल यायचं थांबलं, आणि आठ महिन्यांत उरलंसुरलं निथळून गेलं की उघड्या धातूवर ओल बसते. कार्बवाल्या इंजिनला एअरबॉक्स काढून, इंजिन थोडं वाढवलेल्या आयडलवर ठेवून प्रत्येक कार्बमध्ये स्प्रे मारायचा, पांढऱ्या धुराचा लोट निघेपर्यंत, मग बंद. शेजारणीचे कपडे वाळत असतील तर आधी सांगा, धूर खरंच खूप होतो. त्यानंतर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडा थोडा स्प्रे मारा आणि रीकॉइलची दोरी हळूहळू चार-पाच वेळा ओढा म्हणजे तेल भिंतीवर पसरेल. हे करताना टेदर (चालक पडला तर इंजिन बंद करणारी सेफ्टी दोरी) काढलेला आणि किल स्विच ऑफ हवा, प्लगचं भोक उघडं असताना ठिणगी उडायला नको. इंजेक्शनवाल्या इंजिनला प्रत्येकाची रीत वेगळी, स्की-डूच्या ई-टेक इंजिनांना तर स्टोरेज मोडच दिलेला आहे, मॅन्युअलमधली बटणं दाबली की इंजिन स्वतःच जास्तीचं तेल सोडून आतून माखून घेतं आणि बंद होतं. ही सोय असेल तर तीच वापरा. फोर-स्ट्रोक असेल तर आधी इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला, वापरलेल्या तेलात ज्वलनातून आलेली आम्लं आणि पाणी असतं, ते आठ महिने आतल्या बेअरिंगवर ठेवण्यात काय अर्थ आहे, आणि फॉगिंगचं मॅन्युअल सांगेल तसं.

प्लग काढलेच आहेत तर रंग पाहून घ्या. खरपूस तपकिरी असेल तर सगळं ठीक, काळा ओला असेल तर पेट्रोल किंवा तेल जास्त जातंय, आणि पांढराफटक असेल तर इंजिन लीन, म्हणजे हवेच्या मानाने कमी पेट्रोलवर चाललंय, ते पुढच्या सीझनच्या आधी शोधायलाच हवं, नाहीतर पिस्टन जळतो. टू-स्ट्रोकचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतील तर तेही काढून कार्बन पुसा, फार वेळाचं काम नाही.

आता ग्रीस. मला हे काम मनापासून आवडतं कारण केलेलं डोळ्यासमोर दिसतं. सस्पेन्शनच्या प्रत्येक पिव्हटवर, पुढच्या स्पिंडलवर ग्रीस निपल असतात, काही निपल ट्रॅकच्या आत लपलेले असतात, टॉर्च घेऊन आडवं पडल्याशिवाय दिसत नाहीत, मॅन्युअलमध्ये चित्र असतं ते समोर ठेवा. गन लावून दाबलं की आधी दोन्ही कडांनी चॉकलेटी गढूळ पाणी येतं, मग त्यात गंजाचे बारीक कण, मग करडं जुनं ग्रीस, आणि शेवटी आपण घातलेलं स्वच्छ ग्रीस तसंच्या तसं बाहेर यायला लागतं. तिथे थांबायचं. दोन दाब दिले आणि पुढे गेलो असं करू नका, ते गढूळ पाणी आतच राहिलं तर पिव्हट आणि बुशिंग उन्हाळाभर त्यातच भिजत राहतं. बाहेर आलेलं पुसून टाका, नाहीतर धूळ चिकटते. ड्राइव्हशाफ्टच्या बेअरिंगला काही मॉडेल्समध्ये निपल असतो आणि तो सगळ्यात दुर्लक्षित असतो, आपल्या गाडीला आहे का हे पाहाच.

क्लच आणि बेल्टला मात्र ग्रीसचा हातही लागता कामा नये. बेल्ट काढून ठेवायचा, तो क्लचमध्ये आवळलेला राहिला तर त्याला त्याच जागी बाक येतो आणि बेल्ट आणि क्लचच्या मध्ये ओल अडकून तिथे गंजाची रेघ उमटते. बेल्ट साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा, कडेचे दोरे सुटलेत का, दात तुटलेत का, बाजू काचेसारखी चमकते का ते बघा, रुंदी मोजून मॅन्युअलशी ताडून बघा, आणि फिरण्याची दिशा दाखवणारा बाण नसेल तर आपणच खूण करा कारण परत लावताना तीच दिशा हवी. क्लचच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या स्कॉच-ब्राइटने हलक्या हाताने घासून ब्रेक क्लीनरने पुसा, आतली काळी पूड हवेने उडवा. गंज येऊ नये म्हणून काही जण चकत्यांना तेल लावून ठेवतात, ते अजिबात करू नका, पुढच्या सीझनला बेल्ट घसरून जळतो.

चेनकेसचं तेल दरवर्षी बदला. थोडंसंच असतं, पण त्यात घाम साठतो आणि तेल दुधाळ होतं. ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटावर घेऊन चोळून पाहा. करडी मऊ पेस्ट असेल तर नेहमीची झीज, काळजी नाही. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे लागले तर चेन, स्प्रॉकेट किंवा बेअरिंग काहीतरी सुटत चाललंय, कव्हर उघडून बघायलाच हवं, आणि हे एप्रिलमध्ये कळलं तर सुटे भाग मागवायला उन्हाळा पडलाय. तेल बदलल्यावर चेनचं टेन्शनही पाहून घ्या. काही पोलॅरिस मॉडेल्सना चेनच्या जागी टूथ बेल्ट असतो, तिथे तेलाचा प्रश्नच नाही.

मागची बाजू उचलून स्टँडवर घेतली की ट्रॅक हाताने फिरवून पूर्ण एक चक्कर बघायचा. फाटलेले लग (ट्रॅकवरचे रबरी दात), सुटलेल्या क्लिपा, स्टड (पकडीसाठीचे धातूचे खिळे) असतील तर त्यांच्या मुळाशी चिरा. प्रत्येक बोगी व्हील, म्हणजे ट्रॅकच्या आतलं छोटं चाक, एकेक करून फिरवा, नुसतं बघून कळत नाही, कान जवळ न्या, खरखर आली की बेअरिंग गेलं. ही बेअरिंग स्वस्त मिळतात आणि ट्रेलवर पस्तीस मैल आत असताना तुटलं तर संध्याकाळ अंधारात जाते. हायफॅक्सवर झिजेची खूण असते, तिच्या जवळ आले असतील तर बदला. स्कीच्या खालचे कार्बाईड, म्हणजे बर्फात रुतणाऱ्या कडक धातूच्या धारा, बोथट झाले असतील तर बर्फावर स्लेड वळत नाही, सरळ जाते, ते तर जिवाशी खेळ आहे. स्लेड उन्हाळाभर मागून उचललेलीच ठेवा म्हणजे ट्रॅक जमिनीला टेकणार नाही, टेन्शन सैल करायचं की नाही ते मॅन्युअल सांगेल तसं. स्कीखाली लाकडी फळ्या द्या, काँक्रीटमधून ओल वर येते.

कूलंट टेस्टरने तपासा, निम्मं निम्मं मिश्रण असेल तर साधारण उणे 37 सेल्सियसपर्यंत धकतं, आणि उत्तर मिनेसोटात ते लागतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. बॅटरी काढताना निगेटिव्ह वायर आधी, पूर्ण चार्ज करून मेंटेनरवर थंड कोरड्या जागी ठेवा, पूर्ण चार्ज म्हणजे बंद असताना 12.6 व्होल्टच्या वर.

राहिले उंदीर. यांना हलक्यात घेऊ नका, एअरबॉक्स आणि सायलेन्सर ही त्यांना अगदी हवी तशी घरं वाटतात, इन्सुलेशनची गादी, सीटचा फोम, वायरचे तुकडे सगळं गोळा करून बसतात, आणि वायरिंग हार्नेस कुरतडला की बिल ऐकून घाम फुटतो. पुदिन्याचं तेल, ड्रायर शीट, डांबरगोळ्या, लोक काय काय ठेवतात, माझा विश्वास जाळीवरच आहे. एक्झॉस्टच्या तोंडात जाळी किंवा स्टील वूल कोंबा, पण हवा आत जाते त्या बाजूला स्टील वूल नको, ते गंजून त्याचे तंतू तुटतात आणि इंजिनमध्ये ओढले जाऊ शकतात, तिथे अॅल्युमिनियमची किंवा तांब्याची जाळी लावा. आणि काय काय कुठे कोंबलंय ते एका चिठ्ठीवर लिहून हँडलबारला बांधा, सोबत बेल्ट कुठे ठेवलाय तेही लिहा.

वरचं कव्हर हवा जाणारं हवं. निळी प्लास्टिक ताडपत्री घट्ट बांधली की आत दमट होतं आणि इतका सगळा खटाटोप वाया जातो. बाहेरच ठेवायची असेल तर निदान सावलीत, उन्हाने सीट आणि प्लास्टिक दोन्ही कडक होतं. इन्शुरन्स उन्हाळ्यात पूर्ण बंद करू नका, चोरी आणि आगीचं कव्हर चालू ठेवा, उभ्या स्लेडही चोरीला जातात.

यानंतर सगळ्यात अवघड काम, तिला हात न लावणं. महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवायची सवय आपल्याकडे गाड्यांच्या बाबतीत असते, इथे ती नको. पाच मिनिटांत इंजिन पुरतं गरम होत नाही, फॉगिंगचं तेल जळून जातं आणि ज्वलनातलं पाणी आत राहतं, म्हणजे होतं नव्हतं ते संरक्षण गेलं आणि वर ओल मिळाली.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उठवताना आधी चिठ्ठी वाचा आणि सगळ्या जाळ्या काढा. एअरबॉक्स उघडून बघा, घरटं निघालं तर कोरडं झाडू नका, आधी जंतुनाशकाने ओलं करा, हातमोजे आणि मास्क घालून उचला, इकडच्या डीअर माऊसमुळे हंटाव्हायरस होऊ शकतो आणि तो मुख्यतः वाळलेल्या लेंड्या-मुताच्या धुळीतून पसरतो. बेल्ट लावा, बॅटरी जोडताना यावेळी पॉझिटिव्ह आधी, टू-स्ट्रोक असेल तर पेट्रोलबरोबर जाणाऱ्या तेलाची वेगळी टाकी भरा. थ्रॉटल दाबून सोडल्यावर टक्कन परत येतो का हे इंजिन सुरू करायच्या आधी बघा, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, ब्रेक, किल स्विच, टेदर सगळं तपासा. पहिल्यांदा सुरू झाली की धूर येणारच, फॉगिंगचं तेल जळतंय, घाबरू नका, जुन्या प्लगवर ते जळू द्या आणि मग नवे प्लग घाला. पहिली राइड घराजवळचीच घ्या, तळ्यावर नको, तेव्हा बर्फ पुरेसा जाड झालेला नसतो, इथल्या डीएनआरच्या (राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या) सूचनेप्रमाणे स्नोमोबाईलला नवा पारदर्शक बर्फ निदान 5 ते 7 इंच लागतो. परत आल्यावर ट्रॅकचं टेन्शन पुन्हा मोजा आणि बेल्टचं कव्हर उघडून एकदा हात फिरवा, बेल्ट नुसता कोमट असायला हवा, हात टेकवता येत नसेल इतका गरम असेल तर क्लच परत साफ करा आणि दोन्ही क्लच एका रेषेत आहेत का ते बघून घ्या.